व्हर्ना प्रिचेटचं चोरीला गेलेलं हसू

मंगळवारी संध्याकाळी 'अगं डोरीन' सुरू झालं की बरबँक गावातल्या व्हर्नाच्या अख्ख्या गल्लीत रस्त्यावर चिटपाखरू दिसत नसे. घरोघरी नवरे पाय वर घेऊन टीव्हीसमोर बसत, बायका जेवणाच्या थाळ्या घडीच्या टेबलांवर मांडून देत, आणि पडद्यावरचा वॉल्टर मान हलवत बायकोला "अगं डोरीन" म्हणाला की उघड्या खिडक्यांतून सगळ्या घरांचा हशा एकदमच बाहेर पडे.

व्हर्नालाही तो कार्यक्रम आवडायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणतात की बाईला विनोदच कळत नव्हता. चांगला कळत होता. डोरीनने केसांना लावायचं औषध केकमध्ये घातलं, त्या आठवड्यात व्हर्ना हसून हसून सोफ्यावरून खाली आली होती. आणि व्हर्नाचं हसणं म्हणजे काही ओठातल्या ओठात नव्हे. आधी उचकी लागल्यासारखा एक चढा सूर, मग अंडं दिल्याची वर्दी देणाऱ्या कोंबडीसारखा लांबलचक कलकलाट, आणि शेवटी नाकातून फुर्रकन सुटलेली हवा. हार्लनने ते पहिल्यांदा ऐकलं ते बोलिंगच्या हॉलमध्ये, पार दुसऱ्या टोकाला. हातातला चेंडू टाकून तो त्या आवाजाचा माग काढत आला, आणि वर्षाच्या आत लग्न करून मोकळा झाला.

त्या मंगळवारी डोरीनने टॅक्सी चालवायची नोकरी धरली, आणि व्हर्नाने काटा खाली ठेवला.

कारण तिचं स्वतःचं प्रकरण तसंच होतं. ग्लेंडेलच्या ऑग्डेन स्पायव्हींच्या मोटार-शाळेला शिकवायला बाई हवी होती. परक्या पुरुषाशेजारी बायकोला तासभर बसवायला नवरे तयार नसत, म्हणून शिकायला येणाऱ्या बायका दारातूनच परत जात होत्या. व्हर्नाने लढाईच्या काळात बंदरावर लष्कराचे ट्रक चालवले होते. भरलेला ट्रक ती जहाजाच्या कुशीला असा उलटा नेऊन लावायची की हमाल हात झटकत बाजूला होत. लढाई संपली, पुरुष परत आले, आणि व्हर्नाच्या वाट्याला वाणसामान आणायची फेरी उरली. स्पायव्हींनी तिला ग्लेंडेलच्या चढ-उतारांवरून गाडी चालवायला लावली आणि उतरताना म्हणाले, "मिसेस प्रिचेट, काम तुमचं. फक्त शुक्रवारपर्यंत तुमचे मिस्टर एकदा येऊन माझ्यासमोर 'हरकत नाही' म्हणून जाऊ देत."

हार्लन विमानाच्या कारखान्यात मुकादम होता. तो "बघू" म्हणाला होता. पण हार्लनचा "बघू" दोन तऱ्हांचा असे, आणि हा त्यातला बरा होता. शाळेच्या गाड्या कोणत्या, शिकवणाऱ्यासाठी वेगळा ब्रेक असतो का, असं त्याने आपणहून विचारलं होतं. व्हर्नाने मनातल्या मनात सपाट टाचांचे बूटही ठरवून ठेवले होते.

तर पडद्यावर डोरीनने टॅक्सी नेऊन रस्त्याकडेच्या आग विझवायच्या नळावर आपटली. फवारा उडाला, पोलीस भिजला, मागे बसलेला महापौर भिजला. इथवर ठीक होतं. मग वॉल्टर आला. सगळ्या रस्त्यादेखत त्याने डोरीनच्या हातातून किल्ली काढून घेतली, आपल्या खिशात टाकली, दुसऱ्या खिशातून तिचा एप्रन काढला आणि लहान मुलीला बांधावा तसा तिच्या कमरेला बांधला. म्हणाला, "अगं डोरीन, तुझा रस्ता शेगडीपासून फ्रिजपर्यंत. तेवढा धड चालव." डोरीनने एप्रनच्या टोकाने डोळे पुसले आणि मान डोलावली.

हशा पिकला. आणि त्या सगळ्या हशाच्या वर चढून एक आवाज आला. आधी उचकी, मग कोंबडी, मग फुर्र.

हार्लनचा घास तोंडाजवळ थांबला. त्याने टीव्हीकडे पाहिलं, मग बायकोकडे. बायको तोंड घट्ट मिटून बसली होती.

"व्हर्ना, ही तू आहेस."

"आवाज माझा आहे," व्हर्ना म्हणाली. तिचे कान तापले होते.

"मागे चर्चच्या बायकांबरोबर तू ह्यांचं चित्रीकरण बघायला गेली होतीस ना?"

"गेले होते. पण त्या दिवशी हा खेळ नव्हता. हा मी आत्ता पहिल्यांदा बघतेय. मी ह्याच्यावर हसलेले नाही."

"आवाज तुझा, पण हसलीस तू नाहीस?" हार्लन गुडघ्यावर थाप मारून हसला. "हे वाक्य डोरीनला द्यायला हवं."

तेवढ्यात शेजारची आर्डिथ मागच्या दारातून, हातात वाडगा तसाच घेऊन आत आली. "अगं भवाने, टीव्हीवर येऊन गेलीस आणि सांगितलं नाहीस? आमचे हे म्हणाले, ही प्रिचेटीणच. बाकी काय हसलीस गं. आणि तोंडाने म्हणे मोटार शिकवणार."

सकाळपर्यंत ते गल्लीभर झालं होतं. दूध टाकणाऱ्यानेही विचारलं. पण खरा घाव न्याहारीच्या टेबलावर बसला. हार्लनने टोस्टला लोणी लावता लावता सांगितलं की तो स्पायव्हींकडे येणार नाही.

"राग मानू नकोस," तो म्हणाला, अगदी मायेने म्हणाला, हेच तर वाईट. "तू तोंडाने काहीही म्हण. पण तुझं हसू मी ओळखतो. ते कधी खोटं बोललेलं नाही. मनातून तुलाही हे हसण्यासारखंच वाटतं. मग उगाच लोकांत शोभा कशाला?"

व्हर्नाच्या हातात कॉफीची किटली होती. ती तिने त्याच्या डोक्यावर ओतली नाही, हा तिच्या आईने लावलेल्या वळणाचा भाग. तिने जे म्हटलं होतं, समजावलं होतं, विनवलं होतं, ते सगळं एका न हसलेल्या हसण्यापुढे पालापाचोळा झालं होतं. माणसाच्या विरुद्ध त्याच्याच गळ्याने साक्ष द्यायची, ह्याला काय म्हणायचं?

गुरुवारी हार्लन नेहमीसारखा शेजारच्या एडच्या गाडीतून कामावर गेला आणि घरची गाडी व्हर्नाकडे राहिली. तिने चर्चला जायची टोपी घातली, हातमोजे चढवले आणि टेकडी ओलांडून सरळ स्टुडिओच्या फाटकावर जाऊन गाडी उभी केली.

"काय काम?" पहारेकऱ्याने विचारलं.

"माझी वस्तू तुमच्याकडे राहिली आहे."

"हरवलेलं सामान मागच्या खिडकीवर, बाई."

मागच्या खिडकीत एक वयस्क बाई छत्र्यांना चिठ्ठ्या बांधत बसली होती. व्हर्नाने सांगितलं, हसू आहे. कसं आहे तेही सांगितलं, उचकी, कलकलाट, शेवटची फुर्र, काही न लपवता. त्या बाईचे हात थांबले. तिने व्हर्नाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, फोन उचलला आणि म्हणाली, "मर्ल, तुझी कोंबडी आली आहे. हो, प्रत्यक्ष. टोपी घालून."

मर्ल ऑडेट हा तिथला आवाजांचा माणूस. कानामागे पेन्सिल, कोपरावर ठिगळ. भिंतींना जाड नमदा ठोकलेल्या त्याच्या खोलीत आपलं बोलणंही आपल्याला परकं वाटत होतं. त्याने व्हर्नासाठी खुर्ची रुमालाने पुसली. एखादी नटी आल्यासारखा तो हरखला होता.

"बाई, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही कोण आहात. माझ्या सगळ्या संचात मनापासून हसणारं माणूस म्हणजे तुम्ही एकट्या." त्याने टेबलावरच्या खोक्यावरचं फडकं काढलं. बाजाच्या पेटीएवढा खोका, वर टाइपरायटरसारख्या कळा, प्रत्येक कळ म्हणजे कुणाचं तरी टिपून ठेवलेलं हसू. "प्रेक्षक कधी गार असतात, कधी उशिरा हसतात, मग आम्ही हे वापरतो. हा बघा म्हातारा, खोकत हसतो. बिचारा मागच्या वर्षी वारला, पण अजून कामावर आहे. ह्या तिघी मैत्रिणी. आणि ह्या तुम्ही."

त्याने कळ दाबली. व्हर्ना खुर्चीत बसली होती आणि व्हर्ना खोक्यात हसली. न विचारता आपल्या कपाटातले कपडे कुणीतरी अंगावर चढवून आपल्यासमोर फिरावं, तसं तिला झालं.

"हे मी कशावर हसले होते, आठवतं तुम्हाला?"

"ते कसं आठवणार, बाई?"

"मला आठवतं. तुमचा वॉल्टर ऐटीत इस्त्रीच्या फळीवर रेलला. फळी मिटली आणि तो जमिनीवर बसला. सगळ्यांनी धावाधाव केली. मी त्याच्यावर हसले होते."

"ते कापलं. वॉल्टर पडलेला चालत नाही. तो समजूतदार आहे."

"पडलेला वॉल्टर कापलात आणि माझं हसू ठेवलंत. त्याच्यावरचं उचललंत आणि तिच्यावर डकवलंत." व्हर्नाचा आवाज चढला, पण नमद्याने तो गिळून टाकला, त्याने ती आणखीच चिडली. "आज माझ्या घरात माझा नवरा मला सांगतो की तुझं हसू खरं आणि तू खोटी. माझी नोकरी गेली त्याच्यापायी. कुणाला विचारलंत?"

"प्रवेशपत्रिकेच्या मागे बारीक अक्षरात असतं, बाई, की आवाज आमचा."

"माझ्या गळ्यातून निघालेला?"

मर्लने खांदे उडवले. वाईट माणूस नव्हता तो. पण वाईट नसलेल्या माणसांनीच जगात निम्मे उद्योग करून ठेवले आहेत. चित्रफीत सगळ्या गावांना गेली, आता त्यातून काही काढता येत नाही, म्हणाला. कुठे दाबायचं ते वरून सांगतात, आपण हुकमाचे ताबेदार.

"पण खेळ झाला तेव्हा समोर बायका बसल्याच असतील ना?" व्हर्नाने विचारलं. "भरलेलं असतं सभागृह. त्यांचंच हसू का नाही लावलंत?"

मर्लने दाराकडे पाहिलं. मग त्याने फडताळातून एक रीळ काढलं, यंत्रावर चढवलं आणि काही न बोलता फिरवलं.

वॉल्टरचा आवाज आला. 'अगं डोरीन, तुझा रस्ता शेगडीपासून फ्रिजपर्यंत. तेवढा धड चालव.' त्यानंतर काहीच नाही. कुठेतरी खुर्ची करकरली. कुणाच्या तरी पर्सचा खटका मिटला. एका बाईने घसा साफ केला. वॉल्टर हशासाठी थांबला होता, त्याने पाय बदलला तो बुटांचा आवाज स्पष्ट ऐकू आला, आणि तरी काहीच नाही.

"पुढे?" व्हर्नाने विचारलं.

"पुढे हेच. भरलेलं सभागृह होतं. पुरुष हसले थोडे, मागच्या बाकांवर. बायका नाही." मर्लने रीळ थांबवलं. "साबणाच्या कंपनीचे साहेब इथेच बसले होते, पैसे त्यांचे. म्हणाले, इथे बाई हसली पाहिजे, नाहीतर घरी बसलेल्यांना कळणार कसं की हे हसण्यासारखं आहे? मग मी तुमची कळ दाबली."

व्हर्नाला वाटलं होतं तिचं एकटीचं काही चोरलं गेलं. पण त्या रात्री कुठून कुठून आलेल्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या सभागृहभर बायका तोंडं मिटून बसल्या होत्या. त्यांना जे म्हणायचं होतं ते त्या न हसून म्हणाल्या होत्या. आणि ते झाकायला ह्यांनी तिचा गळा वापरला होता. संतापाने तिच्या हातमोज्याची शिवण उसवली.

निघताना मर्लने तिच्यापुढे पुढच्या चित्रीकरणाच्या प्रवेशपत्रिका धरल्या. पहिली रांग, मैत्रिणींनाही आणा, म्हणाला.

"कशाला? आणखी हवंय का?" व्हर्ना म्हणाली आणि बाहेर पडली.

परतीच्या रस्त्यावर मात्र तिचा जीव हलका होत गेला. आता सांगण्यासारखं हातात होतं. हार्लन हट्टी असेल, पण अन्यायी नव्हता. कारखान्यात कुणाचा दोष दुसऱ्याच्या माथी बसला तर तो साहेबाच्या तोंडावर बोलायचा. त्याला नुसतं कळायला हवं. कळलं की तो खुर्ची मागे सारेल, टोपी उचलेल आणि म्हणेल चल. ह्या आशेवर तिने खिमा थापून केलेला पावसुद्धा मनापासून भाजला, वर त्याला आवडतो तसा टोमॅटोचा थर देऊन.

हार्लनने सगळं ऐकलं. खोका, म्हातारा, फळी, ती शांतता. मध्ये दोनदा घास घ्यायचा थांबला. मेलेल्या म्हाताऱ्याचं ऐकून म्हणाला, "हलकट लेकाचे."

"पटलं ना?"

"पटलं की. शहाणी आहेस, शोधून काढलंस. मला खरंच वाटलं होतं तू हसलीस." त्याने पावाचा आणखी एक तुकडा वाढून घेतला.

व्हर्ना थांबली. तो जेवत राहिला.

"मग उद्या येतोस?"

"कुठे?"

"स्पायव्हींकडे. उद्या शुक्रवार."

"अगं व्हर्ना," हार्लन म्हणाला, मान हलवत. तो सूर कुठला ते त्याला कळलं नसेल, तिला कळलं. "तू नाही हसलीस, मान्य. त्यांनी लबाडी केली, मान्य. पण मी तर हसलो ना? गंमतच होती ती. यंत्राने हसवलं म्हणून गंमत काही खोटी होत नाही."

व्हर्ना हातातलं फडकं घेऊन त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसली. दोन दिवस ती भलत्याच हसण्यामागे धावली होती. टेकडीपलीकडे गेली, पहारेकऱ्याशी बोलली, रिळं ऐकली. आणि खरं हसू त्या मंगळवारी तिच्या डाव्या हाताला, त्याच सोफ्यावर, तिच्या थाळीला थाळी लावून बसलं होतं. ते कुणी डकवलं नव्हतं.

"काय गंमत होती ते मला सांग," ती म्हणाली. "खरंच विचारते. मीही हसेन."

"अशी सांगून थोडीच कळते?"

"सांग तर. डोरीनने गाडी आपटली."

"हो. पाणी उडालं. पोलीस, महापौर, सगळे ओले."

"तिथे मीही हसले असते. पुढे?"

"पुढे वॉल्टर येतो. किल्ली काढून घेतो."

"कुणाच्या हातातून?"

"तिच्या. मग खिशातून एप्रन काढतो." हार्लनच्या तोंडावर हसू येऊ लागलं होतं. "खिशात एप्रन घेऊन आलेला असतो, म्हणजे बघ."

"म्हणजे घरून निघतानाच घेतलेला. गाडी आपटायच्या आधी."

हार्लनने तिच्याकडे पाहिलं. "तसंच असणार. हो."

"मग?"

"मग बांधतो तिला. लोकांसमोर. आणि ते शेगडीचं म्हणतो."

"मग?"

"मग ती डोळे पुसते."

"का?"

"रडत असते म्हणून."

"आणि मग तू हसलास."

हार्लनने पावाच्या तुकड्यावरचा टोमॅटो काट्याने बाजूला केला, परत जागेवर ठेवला. दोघांच्या मध्ये ती शांतता येऊन बसली, व्हर्नाने सकाळी ऐकलेली, तश्शीच. खुर्ची तेवढी करकरली.

व्हर्ना उठली आणि भिंतीवरचा फोन उचलला. स्पायव्ही स्वतःच होते, शाळा बंद करायच्या बेतात.

"मिस्टर स्पायव्ही, मी व्हर्ना प्रिचेट. माझे मिस्टर येणार नाहीत."

"अरेरे," स्पायव्ही म्हणाले. "त्यांची हरकत आहे तर."

"आहे. हरकत त्यांची आहे, ती त्यांच्यापाशी राहील. ट्रक मी चालवत होते, चढ-उतारांवर तुम्ही मलाच चालवायला लावलंत, शिकवणारही मीच आहे. ठेवायचं तर मला ठेवा. त्यांना ठेवायचं असेल तर त्यांना वेगळं बोलावून घ्या."

पलीकडून उत्तर आलं नाही. अशा जागी व्हर्ना आजवर हसत आली होती. दुकानदार गप्प झाला, पाद्री गप्प झाला, नवरा गप्प झाला की ती पटकन एक छोटंसं हसू मध्ये टाकायची, म्हणजे समोरच्याला अवघड वाटू नये, म्हणजे तिने काही फारसं मागितलेलंच नाही असं सगळ्यांना म्हणता यावं. हार्लन टेबलावरून बघत होता. तो त्याचीच वाट बघत होता, हे तिला पाठीतून कळत होतं. ती हसली नाही. रिसीव्हर कानाला धरून उभी राहिली.

"मिसेस प्रिचेट?" शेवटी स्पायव्ही म्हणाले. "आहात ना?"

"आहे."

"एक विधवा बाई आहेत, त्यांना लवकरची वेळ हवी आहे. उद्या सकाळी आठला येता?"

"येते."

तिने फोन ठेवला. हार्लनने थाळी पुढे सारली.

"उद्या एडचा सुट्टीचा दिवस आहे," तो म्हणाला. "मला गाडी लागेल."

"सातला तयार राहा," व्हर्ना म्हणाली. "मी सोडते तुला."